गाठीचा मणी : एका जपमाळेची वाटचाल

उसाच्या फडात शेजारच्या कोपीतल्या बाईनं आजीच्या हातात माळ बघितली आणि विचारलं, "मावशी, तुम्ही माळकरी व्हय?" आजीनं मान हलवली. "व्हय की. पण मटण खाणारे."

आमच्या बीड जिल्ह्यात हे उत्तर चटकन कुणाला पचत नाही. इथं माळकरी म्हणजे वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, वर्षातून पंढरपूर आणि ताटात खारं-तिखटाचं नाव नाही. आजी कॅथलिक. तिच्या माळेला टोकाशी पितळी क्रूस, मणी काळपट लाकडाचे आणि ती गळ्यात नाही, कनवटीला. कॅथलिक घरं जिल्ह्यात मोजकी आणि विखुरलेली, त्यामुळं आम्ही कोण हे प्रत्येक पिढीला नव्यानं सांगावं लागतं. शेजारच्या उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये ९३वं साहित्य संमेलन झालं आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा कुठं आमच्या गल्लीतल्या दोघाचौघांना उमगलं, की फादर लोक मराठीतही लिहितात!

बीडच्या बाजारात अर्धा तास उभं राहिलं तर तीन तऱ्हेच्या माळा दिसतात. तुळशीची, १०८ मण्यांची. दर्ग्याकडं जाणाऱ्या एखाद्या चाचांच्या बोटांत फिरणारी तसबीह, ३३ किंवा ९९ मण्यांची. आणि क्वचित आमची, ५९ मण्यांची. आमच्या माळेत मेरुमणी नसतो. क्रूसापासून सुरुवात, मग एक सुटा मणी, तीन लागोपाठ, पुन्हा एक सुटा, तिथं मरियामातेचं छोटं पदक आणि पुढं दहा-दहा मण्यांचे पाच घोस गोल फिरून पुन्हा पदकाशी. दोन घोसांच्या मध्ये एक सुटा मणी. सुट्या मण्यावर प्रभूची प्रार्थना, घोसातल्या प्रत्येक मण्यावर 'नमो मरिया'. एक फेरी म्हणजे ५३ नमो मरिया आणि सहा वेळा प्रभूची प्रार्थना. सराव असेल तर वीस मिनिटांत होते. आजीला पंचवीस लागायची, कारण मधेच ती चुलीतलं लाकूड सारायची.

तिच्या माळेत खरं तर ५८च मणी होते. तिसऱ्या घोसातला एक कधीतरी उसाच्या पाचटात पडला, सापडला नाही. आजीनं त्या जागी काळ्या दोऱ्याची एक जाड गाठ मारली. आम्ही पोरं तिला गाठीचा मणी म्हणायचो.

ही माळ फादरांच्या हातातून कमी आणि अशा हातांतून जास्त चालत आलेली आहे. तिच्या मुळाशीच वाचता न येणारी माणसं आहेत. मध्ययुगात युरोपातल्या मठांत साधू दीडशे स्तोत्रं लॅटिनमध्ये म्हणायचे. पण त्याच मठात शेत नांगरणारे, भाकरी भाजणारे बंधूही होते, त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. त्यांनी स्तोत्रांच्या बदल्यात दीडशे वेळा प्रभूची प्रार्थना म्हणावी असं ठरलं. दीडशेपर्यंत मोजायचं म्हणजे खडे हवेत, दोऱ्याच्या गाठी हव्यात. लॅटिनमध्ये ती प्रार्थना 'पातेर नोस्तेर' अशी सुरू होते, म्हणून त्या मण्यांच्या माळेलाही तेच नाव पडलं. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये माळा करणाऱ्यांचे वेगवेगळे संघ होते. हाडाच्या-शिंगाच्या माळा करणारे निराळे, पोवळ्या-शिंपल्याच्या करणारे निराळे, अंबरच्या करणारे निराळे. बोहरी गल्ली नि सराफा वेगळा असावा तसं. म्हणजे गरिबाच्या मोजणीच्या दोरीचा तोवर दागिनाही झाला होता.

प्रभूच्या प्रार्थनेच्या जागी हळूहळू नमो मरिया आली. तिचा पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातला : गाब्रिएल दूताचा नमस्कार आणि एलिझाबेथनं मरियेला दिलेला आशीर्वाद. 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर' हा उत्तरार्ध लोकांच्या तोंडी पुष्कळ आधी होता, पण आजच्या रूपात रोमच्या प्रार्थनाग्रंथात तो पक्का झाला १५६८ साली. दीडशेची विभागणी, मग तिला जोडून येशूच्या आयुष्यातल्या प्रसंगांचं चिंतन, ही भर पंधराव्या शतकातली. ट्रियरच्या मठातल्या डोमिनिक नावाच्या एका कार्थुशियन साधूनं पन्नास नमो मरियांना पन्नास छोटी वाक्यं जोडली, प्रत्येकात येशूच्या आयुष्यातला एक क्षण.

लोकांत मात्र दुसऱ्याच डोमिनिकची गोष्ट चालते. संत डोमिनिकला १२०८ साली फ्रान्समधल्या प्रुईलला मरियामातेनं दर्शन देऊन माळ दिली, अशी ती. चर्चमधल्या कितीतरी चित्रांत गुडघे टेकलेला तो संत आणि त्याच्या हातात माळ देणारी माता दिसते. डोमिनिकच्या काळातल्या कागदांत मात्र ह्या दर्शनाचा मागमूस नाही. ती गोष्ट पसरवली त्याच्याच संघातल्या अलानुस दे रुपे ह्या ब्रेटन धर्मगुरूनं, अडीचशे वर्षांनी. मला ह्यात फसवणूक दिसत नाही. आपल्याकडं ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली म्हणतात तेव्हा कुणी भिंतीचं वजन विचारत नाही.

अलानुसचं खरं काम वेगळं. त्यानं १४७०च्या सुमारास दुए शहरात माळ म्हणणाऱ्यांचा भ्रातृसंघ काढला. पुढं याकोब श्प्रेंगर ह्यानं ८ सप्टेंबर १४७५ रोजी कोलोन शहरात तसाच संघ स्थापला आणि तो झपाट्यानं वाढला. कारण साधं होतं : वर्गणी नाही. नाव वहीत लिहायचं आणि आठवड्यात तीन माळा म्हणायच्या, कुठंही, केव्हाही. चुकली तर पाप नाही. सम्राट फ्रेडरिक तिसरा आणि बाजारात भाजी विकणारी बाई एकाच वहीत. चेटकिणींच्या छळाच्या एका कुप्रसिद्ध ग्रंथावर लेखक म्हणून ह्याच श्प्रेंगरचं नाव पुढं छापलं गेलं, हेही सांगून टाकतो. वाटचालीत अशीही माणसं असतात.

पोप पायस पाचवे ह्यांनी १५६९ साली माळेला अधिकृत चौकट दिली आणि दोनच वर्षांनी, ७ ऑक्टोबर १५७१ला, लेपांतोच्या समुद्रात ख्रिस्ती आरमारानं उस्मानी आरमाराचा पराभव केला. विजय माळेमुळं झाला म्हणून त्या दिवशी सण सुरू झाला. १५७३ साली तो जपमाळेच्या मातेचा सण ठरला आणि ऑक्टोबर महिना माळेशी कायमचा बांधला गेला. जुन्या गोव्यात माँते सांतोच्या टेकडीवर जपमाळेच्या मातेचं चर्च आहे. ते उभं आहे तेही लढाईच्याच आठवणीत. १५१० साली पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कनं त्या टेकडीवरून लढाई पाहिली, असं सांगतात. नांगऱ्यांच्या मोजणीच्या दोरीला तोफांचा वास लागला तो असा. आजीला लेपांतो ठाऊक नव्हतं आणि मीही तिला कधी सांगितलं नाही.

एक मजेचा तर्क इथं आठवतो. लॅटिनमध्ये माळेला 'रोसारियुम' म्हणतात, म्हणजे गुलाबांचा ताटवा. आल्ब्रेख्त वेबर ह्या जर्मन संस्कृत पंडिताचं म्हणणं असं, की हा शब्द आपल्या 'जपमाले'च्या चुकीच्या भाषांतरातून आला असावा. 'जप' ऐवजी कुणीतरी 'जपा' ऐकलं, जपा म्हणजे जास्वंद, आणि फुलांची माळ पश्चिमेला जाऊन गुलाबांची झाली. तर्क मला फार आवडतो, पण पटत नाही. मरियेच्या मूर्तीला गुलाबांचा मुगुट घालायची चाल युरोपात आपली आपण होती, त्यासाठी जास्वंदीला समुद्र ओलांडायची गरज नव्हती.

पुढच्या शतकांतली दोन माणसं मात्र मला माळेच्या वाटचालीत पोपांपेक्षा मोठी वाटतात. दोघंही प्रापंचिक. पहिली पोलिन झारिको. फ्रान्समधल्या रेशमाच्या लियों शहरात तिनं १८२६ साली 'जिवंत जपमाळ' काढली. पंधरा जणांचा गट करायचा, प्रत्येकानं रोज एकच घोस म्हणायचा, म्हणजे गटाची मिळून दीडशेची पूर्ण माळ होते. आपल्या बायकांना हे समजवायला एक शब्द पुरे : भिशी! दिवसभर कामात बुडालेल्या माणसाकडं दहा नमो मरियांपुरता वेळ असतोच, एवढंच तिनं हेरलं. आता व्हॉट्सॲपच्या गटांवर आमच्या नात्यातल्या बाया "माझा घोस झाला" असं टाकतात तेव्हा त्यांना पोलिनबाई माहीत नसते. तिला धन्य घोषित करायला चर्चला २०२२ साल उजाडावं लागलं.

दुसरा बार्तोलो लोंगो, वकील. १८७२ साली एका जमीनदारीण बाईच्या मिळकतीचं काम बघायला तो पाँपेईच्या खोऱ्यात गेला. ज्वालामुखीनं गाडलेल्या शहराच्या शेजारचा तो उजाड, हिवतापी मुलूख, शेतकरी निरक्षर, चर्च मोडकळीला आलेलं. ह्यांना काय शिकवावं, तर माळ. तिच्यासाठी चित्र हवं म्हणून त्यानं नेपल्सहून एक जुनाट, फाटकं चित्र मिळवलं. ते १३ नोव्हेंबर १८७५ रोजी पाँपेईत आलं ते शेणखताच्या गाडीवर चादरीत गुंडाळून. दुसरं वाहन मिळालं नाही. शेणखताच्या गाडीवरून माता आली हे आमच्याकडं कुणालाही सांगावं, कुणाला अवमान वाटणार नाही. खत म्हणजे लक्ष्मीच. लोंगो १९ ऑक्टोबर २०२५ला संत झाले. मधल्या काळात, १८८३ साली, पोप लिओ तेरावे ह्यांनी सगळ्या चर्चमध्ये ऑक्टोबरभर माळ म्हणायची आज्ञा काढली होती.

आपल्या किनाऱ्यावर माळ पोर्तुगीजांबरोबर आली. गोव्यात आजही संध्याकाळच्या माळेला 'तेर्स' म्हणतात. पूर्ण दीडशेचा तिसरा हिस्सा, म्हणून तेर्स. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, त्यांचं मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ला छापलं गेलं आणि कोकणीतली त्यांची प्रश्नोत्तरी १६२२ला, त्यांच्या मृत्यूनंतर. पुराण ऐकायला वाचणारा लागतो. माळेला तोही लागत नाही. म्हणून फादर नसलेल्या ठिकाणी ती टिकली. बाणावलीला जन्मलेले जुझे वाझ १६८७ साली श्रीलंकेत जाफन्याला उतरले ते भिकाऱ्याच्या वेशात, कारण तिथं डचांचं राज्य आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी. कुणाच्या दारात आपण कोण हे कसं सांगायचं? त्यांनी गळ्यात माळ घातली आणि भीक मागत हिंडले. जो माळेकडं थबकून बघेल तो आपला. २०१५ साली कोलंबोत ते संत झाले. जपानात १६१४च्या बंदीनंतर लपून राहिलेली ख्रिस्ती घरं अडीचशे वर्षांनी, मार्च १८६५मध्ये, नागासाकीला एका फ्रेंच धर्मगुरूपुढं येऊन उभी राहिली. मधल्या साऱ्या पिढ्यांना धर्मगुरू ठाऊक नव्हता. प्रार्थना ठाऊक होत्या.

आमच्याकडचा प्रवास निराळा, कारण बीड निजामाच्या राज्यात आणि लागूनचा अहमदनगर इंग्रजांच्या. सीमेच्या पलीकडं जर्मन जेसुइट फादर, राहुरीजवळच्या केंदळसारख्या खेड्यांत. अलीकडं, औरंगाबादच्या बाजूला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावात ठाण मांडलेले संत फ्रान्सिस दि सेल्स ह्यांच्या संघाचे मिशनरी. हा संघ फ्रान्समधल्या आन्सीला १८३८ साली निघाला, नागपूरमार्गे इकडं आला. कागदोपत्री आम्ही आधी नागपूर धर्मप्रांतात, १९५५पासून अमरावतीत आणि १७ डिसेंबर १९७७पासून औरंगाबाद धर्मप्रांतात. पण बिशपांचं ठिकाण बदललं म्हणून आष्टी-पाटोद्याच्या डोंगरातल्या घरात काही बदलत नसतं. फादर येणार महिन्यातून एखादा रविवार, तोही पावसानं वाट ठेवली तर. उरलेले एकोणतीस दिवस माळ.

नगरच्या बाजूनं छापील मराठीही आली. फादर हेन्री डोरिंग ह्यांनी १९०३ साली 'निरोप्या' मासिक काढलं, तेच डोरिंग पुढं पुण्याचे बिशप झाले. मासिक अजून चालू आहे. माझ्या लहानपणी त्याचे जुने अंक आमच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी असत, वर गोधड्या. आजीला वाचता येत नव्हतं, पण अंक रद्दीत घालू द्यायची नाही.

आणि नगरच्याच बाजूला हरेगाव. श्रीरामपूर तालुक्यातल्या ह्या गावात बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता, सहकारी कारखाने निघायच्या आधीपासूनचा. तिथल्या संत तेरेजा चर्चमध्ये १९४९ साली मरियामातेची यात्रा सुरू झाली. मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवर जिला माउंट मेरी म्हणतात, तिचं इकडं 'मतमाउली' झालं. भाषांतराच्या समित्यांना शंभर वर्षांत सुचला नसता असा शब्द लोकांनी सहज करून टाकला. माउली हा शब्द तर ह्या मातीतलाच, ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली ते नेवासं तिथून जवळच. यात्रा सप्टेंबरात, मरियेच्या जन्माच्या सणाला धरून, म्हणजे ८ तारखेच्या आगेमागे. कोलोनच्या वहीत पहिली नावं पडली तीच तारीख. आधी नऊ दिवस नोव्हेना. नगर, नाशिक, मराठवाड्यातून हजारो माणसं येतात, काही पायी, नवस फेडायला. मेणबत्त्या, फुलांचे हार, रेवड्या, पाळणे आणि माळांची दुकानं. आमच्याबरोबर आमच्या गल्लीतली एक बाई दरवर्षी यायची. ती ख्रिस्ती नव्हती, नवसाची होती.

पावसाळा सरला की यात्रेचा शीण जायच्या आत ऑक्टोबर येतो, माळेचा महिना. आणि आमच्याकडं तोच सामान बांधायचा महिना. मुकादमाची उचल घेतलेली असते, दसऱ्या-दिवाळीला टोळ्या हलतात ते मार्च-एप्रिलपर्यंत. चर्चमध्ये लिओ पोपांच्या आज्ञेप्रमाणं रोज माळ होते तेव्हा आमची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पत्रे, बांबू, कोंबड्या आणि लेकरांच्या मध्ये.

फडातलं वेळापत्रक पहाटेच्या आधी सुरू होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. आजीची माळ अंधार पडल्यावर, कोपीच्या तोंडाशी. घरातले पुरुष बसल्या बसल्या झोपायचे. तिच्याजवळ मी, आणि शेजारच्या कोपीतली ती विचारणारी बाई. ऐकायला बसायची, हळूहळू 'आमेन' म्हणायला लागली.

प्रत्येक घोसाला एक रहस्य असतं : सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. पुस्तकात त्यांची नावं भारदस्त आहेत. आजीच्या तोंडून ती अशी यायची : दुसरं आनंदाचं रहस्य, मरिया एलिझाबेथच्या बाळंतपणाला डोंगरात जाती. बाळंतपणाला जाणं काय असतं हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बालाघाट चढून ती स्वतः तीन लेकींच्या बाळंतपणाला गेली होती. चौथ्या दुःखाच्या रहस्याला, येशू क्रूस वाहतो तिथं, ती मान जराशी तिरपी करायची, मोळी पेलताना करतात तशी. मुद्दाम नव्हे. दिवसभराची सवय मानेत उरलेली असायची.

१६ ऑक्टोबर २००२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी पाच नवी रहस्यं जोडली, प्रकाशाची, गुरुवारसाठी. त्यात काना गावच्या लग्नाचंही आहे, द्राक्षारस संपला आणि मरियेनं लेकाच्या कानावर घातलं ते. हिशेबानं पाहिलं तर जुनी दीडशेची जुळणी मोडली, पूर्ण माळ आता दोनशेची. गावात आलेल्या फादरांनी हे सांगितलं तेव्हा जुनी मंडळी कुरकुरली. आजी मात्र खूश. "लग्नात वाढायला कमी पडलं की बाईलाच आधी कळतं," म्हणाली. गुरुवारची ती माळ तिनं आठवड्याभरात पाठ केली.

पुढच्या वर्षी हरेगावहून मी तिच्यासाठी नवी माळ आणली. पांढरे चकचकीत मणी, प्लॅस्टिकची पेटी, माळ आशीर्वादून घेतलेली. तिनं ती डोळ्याला लावली, मतमाउलीच्या तसबिरीला घातली आणि संध्याकाळी पुन्हा कनवटीची जुनी काढली. मी रुसून विचारलं. "गुळगुळीत हाय रं ती," ती म्हणाली. "अंधारात कुठवर आले ते हाताला कळत न्हाई. हिच्यात गाठ लागली की म्हायती असतं, निम्मं झालं." आणि चुलीतलं लाकूड सारून तिनं क्रूस कपाळाला लावला.